फॉन्टची चूक

९ मार्च, रविवार. केडगाव

अण्णांचा कॉम्प्युटर गेला. सकाळी बटण दाबलं, पंखा फिरला, जळका वास आला, खलास. माझ्या दहावीच्या आधीपासूनचं मशीन. आई म्हणाली, "त्याला पण मोतीबिंदू झाला वाटतं." गेल्याच आठवड्यात अण्णांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय. काळा गॉगल लावून बसलेत. नवा चष्मा महिन्यानं, तोवर वाचन बंद.

अण्णा हसले नाहीत. म्हणाले, "आक्का आत आहे गं."

आक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण, माझी कोल्हारची आत्या. जन्मभर लोकांच्या रानात खुरपलं आणि खुरपताना बाबासाहेबांवर गाणी जोडली. तिला लिहिता येत नाही. अण्णांचं तेव्हा नगरात कंपोझिंगचं दुकान होतं. दर सुट्टीला कोल्हारला जायचे, ती म्हणायची, हे कागदावर घ्यायचे, घरी येऊन टाईप करायचे. जयंतीला कोल्हारच्या विहारात त्याचं पुस्तक यायचंय. 'आक्काची गाणी'. सगळ्या गावाला सांगून झालंय.

मी काय म्हणाले? "अण्णा, कशाला काळजी करताय, माझ्या मॅकवर सगळं चालतं."

सगळं चालतं म्हणे. तोंड आवरत नाही माझं.

११ मार्च

हार्डडिस्क शाबूत. फाईलही आहे. उघडली तर नुसती इंग्रजी अक्षरं, कंस, टिंबं. जुना फॉन्ट आहे, तो अण्णांच्या कंपोझिंगच्या सॉफ्टवेअरशिवाय वाचत नाही. आणि ते सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालतं.

अण्णांनी विचारलं, "दिसलं का?" "दिसलं," म्हणाले. खोटं नाही. दिसलं तर होतंच.

१३ मार्च

विंडोजचं सोंग घेणारं एक फुकट ॲप मिळालं. त्यात सॉफ्टवेअर सुरू झालं, एक पांढरी खिडकी आली, गेली. परत आली, गेली. दिवसभर हाच खेळ. पुण्याच्या एका क्लायंटचं डिझाईनचं काम तसंच राहिलं.

आई चहा ठेवून गेली. "काय गं, लई भारी मशीन ना तुझं?" टोमणा नव्हता, खरंच विचारत होती. त्यानं जास्त लागलं.

१५ मार्च

मॅकच्या आत अख्खं विंडोज घातलं. एका खिडकीत मॅक, दुसरीत विंडोज. आईला दाखवलं. म्हणाली, "म्हणजे घरात भाडेकरू ठेवला." बरोब्बर.

सॉफ्टवेअर बसलं. उघडलं. मी टाळी वाजवणार तेवढ्यात मेसेज, 'लॉक सापडत नाही'. लॉक म्हणजे पेनड्राईव्हसारखा एक तुकडा. तो मशीनला खोचल्याशिवाय हे सॉफ्टवेअर प्रिंट देत नाही. अण्णांनी दोरा बांधून ड्रॉवरमध्ये जपून ठेवलाय. खोचला. माझ्या मॅकची चिप नवीन जातीची, लॉकचा ड्रायव्हर जुन्या जातीचा. दोघांचं जमत नाही.

संध्याकाळी प्रेसवर गेले. शेखभाईंनी विचारलं, "ताई, अण्णांचं काम कुठवर आलं?" म्हटलं चालू आहे. ते म्हणाले, "आमचं जुनं मशीन गेलं भंगारात. आता आम्हाला पीडीएफच द्या." मग हसून, "एवढं महागाचं मशीन अन् मराठी येईना व्हय त्याला?"

नगरमध्ये विंडोजचा जुना कॉम्प्युटर ढीगभर मिळेल. कुणालाही विचारलं तर तासभर बसू देतील. विचारायचं नाहीये मला. 'पुण्याहून मॅक घेऊन आली आणि बापाची फाईल उघडेना' हे ऐकायचं नाहीये. एवढंच कारण.

१८ मार्च

शेवटी मंदारला फोन. पुण्याच्या ऑफिसातला जुना मित्र, असल्या गोष्टींत वस्ताद. स्क्रीन शेअर केली. त्यानं पाच मिनिटांत शोधलं. लॉक नसेल तर प्रिंट होत नाही, पण मजकूर बाहेर काढता येतो. तो कन्व्हर्टरमध्ये घातला की साधी मराठी.

आणि आली की मराठी! स्क्रीनभर आत्या. मी ओरडलेच. अण्णा गॉगल सावरत आले, स्क्रीनसमोर उभे राहिले. काही दिसत नव्हतं त्यांना. तरी उभे राहिले.

पण रफार आणि वेलांट्या पळाल्यात. धर्मचं 'धमर्', शिकाचं 'शकिा'. हाताने नीट करावं लागणार. करू.

२० मार्च

वेलांट्या संपल्या. एक चूक शोधायची, नियम लावायचा, रिप्लेस ऑल. परत दुसरी. डोळे गेले. पण छान वाटतंय. अण्णांचं काम आपल्या हातून होतंय असं.

एक गाणं तर पाठच झालं:

उनाच्या पारी बाई, खुरपते मी रानी
भीमाच्या वंजळीत चवदार पानी

कोल्हारला सुट्टीत गेलं की आत्या हे म्हणायची. मी बांधावर बसलेली असायचे. वंजळीत म्हणताना ती खुरपं टाकून दोन्ही हात पुढं करायची.

२१ मार्च

मंदारचा आपणहून फोन. "झालं का गं? दाखव." दाखवलं. नुसतं वरवर बघत होता, खाली-वर सरकवत. मग म्हणाला, "अगं, तुझ्या कन्व्हर्टरनं ण खाल्लाय. बघ ना. पानी. कोन. म्हनून. डोंगरावानी. सगळीकडे न. मॅपिंगचा बग आहे हा." आणि हसला. "कसलं गावठी झालंय सगळं!"

मी म्हणाले, "हो ना. बगच आहे."

लिहून ठेवते. असंच म्हणाले. हसले पण.

२२ मार्च

काल पुढचं लिहिलं नाही.

मंदार वाईट नाही. त्याला माहीत नव्हतं ही कुणाची गाणी. मी सांगितलंच नव्हतं. 'एक पुस्तक आहे' एवढंच म्हटलेलं. 'अरे बग नाही, माझी आत्या असंच बोलते' हे एक वाक्य. जिभेवर होतं, बाहेर आलं नाही. हॉस्टेलवर पहिले काही महिने मीही 'पानी'च म्हणायचे. नंतर बंद केलं.

फोन ठेवल्यावर फाईल वर सरकवली. सुरुवातीला अण्णांचं मनोगत आहे. त्यात 'पाणी' आहे. 'प्राण', 'शिक्षण', 'गाणी'. सगळे ण जागच्या जागी. म्हणजे कन्व्हर्टरनं काही खाल्लेलं नाही. अण्णांनी स्वतःचं लिहिताना ण लिहिलाय आणि आत्याचं लिहिताना न. मला दिसलं. लख्ख दिसलं.

तरी केलं. पानीचं पाणी, रिप्लेस ऑल. कोनचं कोण. म्हनूनचं म्हणून. वानीचं वाणी. रानीचं राणी. मनात म्हणत होते, छापील पुस्तक आहे, चार लोक वाचतील, मंदार वाचेल, आत्याला कुणी हसायला नको.

आत्याला नको, का मला नको?

२६ मार्च

अण्णा: "जसंच्या तसं आलंय ना सगळं?"
मी: "जसंच्या तसं."
अण्णा: "वाच बरं दोन."

वाचलं. स्क्रीनवर होतं 'कोणाच्या दारी गं, कोण मागं पाणी, माझा भीम बाप उभा, डोंगरावाणी'. आणि मी वाचलं 'कोनाच्या दारी गं, कोन मागं पानी'. आत्यासारखं, हेल काढून. डोळ्याने एक वाचत होते आणि तोंडाने दुसरं बोलत होते. एकदाही अडखळले नाही.

अण्णांनी मान डोलावली. "वा. आक्काच बसलीय समोर."

आई पोळ्या लाटत होती, तिनं तिथूनच डोळे पुसले. मी पाणी प्यायच्या निमित्तानं उठले.

२८ मार्च

पीडीएफ शेखभाईंकडे दिली. आता देऊन टाकली. परत आणता येईल का? येईल, छपाई सोमवारनंतर. फोन करायचा, 'थांबा, दुरुस्ती आहे' म्हणायचं.

३१ मार्च

फोन केला नाही.

१० एप्रिल

पुस्तकं आली. कव्हर सुंदर झालंय, माझंच डिझाईन. अण्णांनी एक हातात घेतलं, पानांचा वास घेतला, कव्हरवरून बोटं फिरवली. "उठावाचं अक्षर केलंस होय." शेखभाईंना फोन करून आभार मानले. मला म्हणाले, "तुझ्या मॅकवर शंका घेतली मी. चुकलं माझं."

अण्णा मला चुकलं म्हणाले.

१४ एप्रिल. कोल्हारहून आल्यावर

नीट लिहिते, नाहीतर उद्या मी स्वतःलाच वेगळं सांगेन.

सकाळी पोचलो. विहारासमोर निळा मांडव, पोरींची लेझीम, खिरीचा वास. आत्या पांढऱ्या साडीत, नवी चप्पल चावत होती म्हणून हातात धरलेली. मला बघून म्हणाली, "आली बाई माझी कंपूटरवाली! हिनं छापलं बरं का माझं बुक!" सगळ्यांना ओढून ओढून सांगत होती.

त्रिशरण-पंचशील झालं. पुस्तक बाहेर आलं. विहाराचं सगळं बघणारे कांबळे गुरुजी माईकवर आले, पहिलंच गाणं काढलं आणि खणखणीत वाचलं:

"उनाच्या पारी बाई, खुरपते मी राणी..."

मागून कुणीतरी ओरडलं, "आवो, राणीसाहेब खुरपाय कवापास्नं लागल्या?" मांडव हसला. रानी म्हणजे रानात. राणी म्हणजे राणी. हे मला सुचलंच नव्हतं. एवढी शिकले, आणि रान विसरले.

आत्याही हसली, पदर तोंडाला लावून. "मला राणी केली व्हय पोरीनं!" मग तिला म्हणायला उभं केलं. तिनं डोळे मिटले आणि तिच्या तऱ्हेनं सुरू केलं. रानी. पानी. गुरुजी पुस्तकात बोट ठेवून उभे होते. भला माणूस. माईकवर हात ठेवून हळूच म्हणाले, "आक्का, पुस्तकात पाणी आहे बरं का. ण."

ती थांबली. गुरुजींच्या बोटाकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं.

"आसं हाय व्हय?"

परत सुरू केलं. "चवदार पा..." अडली. "पा... पाणी." चाल मोडली. पुढचा शब्द सापडेना. जन्मभराचं गाणं, आणि पुढचा शब्द सापडेना तिला. मग माईकमध्येच म्हणाली, "माजंच चुकत हुतं. आमी अडानी मानसं. पोरीनं बरूबर केलंय," आणि खाली बसली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्यासाठी.

मला उठून सांगता आलं असतं. माईक दोन हातांवर होता.

अण्णांनी टाळी वाजवली नाही. गॉगल मांडवाकडे, काही कळत नव्हतं. एसटीत बसलो, राहुरी गेली. मग, "जसंच्या तसं म्हणाली होतीस."

"कन्व्हर्ट करताना झालं असेल, अण्णा. मॅकवर तो फॉन्ट..."

"हं," म्हणाले.

फॉन्ट म्हणे. परत एकदा फॉन्ट.

१७ एप्रिल

नवा चष्मा आला. अण्णा अंगणात खुर्ची टाकून पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचत बसले. जेवायला उठले नाहीत. आई दोनदा हाक मारून आली.

मग मला बोलावलं. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

"मनोगतातला न बरा वाचला गं. त्याचा नाही झाला ण."

त्यांनी पुस्तक माझ्यापुढे धरलं.

"न आणि ण ह्या कीबोर्डवरच्या दोन वेगळ्या कळा आहेत. मी आयुष्य काढलंय त्या कळांवर. आक्कानं न म्हटला तिथं मी न दाबलाय, मुद्दाम. दुकानात लोक म्हणायचे, अण्णा अशुद्ध टाईप करतात. करू दे म्हटलं."

"मी बदललं, अण्णा. फॉन्टनं नाही."

"का?"

मंदारचं सांगायचं होतं. पण मंदारनं काय केलं? तो हसला. हो म्हणाले ती मी.

"लाज वाटली," म्हणाले.

अण्णांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "मला सांगून काय उपयोग. आक्काला सांग."

आई दारात उभी होती.

१८ एप्रिल

शेखभाईंकडे गेले, सगळं सांगितलं. पहिल्यांदा कुणापुढे आपणहून. ते म्हणाले, "पुस्तकं तर वाटून झाली, ताई. आता शुद्धिपत्र काढा. एक चिठ्ठी छापू, ज्याच्या-त्याच्या पुस्तकात घालू."

शुद्धिपत्र करायला बसले. डावीकडे 'अशुद्ध', उजवीकडे 'शुद्ध'. अशुद्धखाली लिहिलं पाणी. शुद्धखाली लिहिलं पानी. हात थांबला. खोडलं. परत तेच लिहिलं. अशुद्ध राणी, शुद्ध रानी. अशुद्ध कोण, शुद्ध कोन. मॅक एकेका शब्दाखाली लाल रेघ मारत होता. मारू दे.

अण्णांना दाखवलं. वाचलं, परत दिलं. "छाप," म्हणाले. कालपासूनचा पहिला शब्द.

२० एप्रिल, रविवार

तारकपूर स्टँडवरून एकटी गेले. चिठ्ठ्यांचा गठ्ठा पिशवीत. वाटेत मनात वाक्यं जुळवत होते. आत्या, तुझं बरोबर होतं. आत्या, चूक माझी. सोपी वाक्यं आहेत.

आत्या ओसरीत लसूण सोलत बसलेली. शेजारची सून जवळ, तिच्या मांडीवर पुस्तक. मला बघून आत्याला कोण आनंद. चहा टाक गं, हे आण, ते आण. मी बसण्याआधीच बोलून टाकलं. "आत्या, पुस्तकात चुकलंय. तू म्हणत होतीस तेच खरं. पानीच. रानीच. मी बदललं ते."

आत्या लसूण सोलतच राहिली. "काय तरी बोलू नगं."

"खरंच. हे बघ, शुद्धिपत्र आणलंय." सुनेच्या हातात चिठ्ठी दिली. तिनं वाचली, परत वाचली. "आवो आत्याबाई, ह्यात तर उलटं छापलंय. शुद्ध म्हनून पानी लिवलंय."

आत्या खो खो हसली. "पुन्यांदा घोळ केला व्हय तुज्या मशीननं?"

"मशीननं नाही, आत्या. मशीननं कधीच केला नव्हता. मी केला. माझ्याबरोबरच्या लोकांना तुझं बोलणं..." ते वाक्य सोडून दिलं. "मला लाज वाटली तुझी."

बोलले. तिच्या तोंडावर बोलले.

हसू गेलं तिचं. हात थांबले. म्हणाली, "वाटनारच की गं. तू शिकल्याली. चार लोकांत ऊठबस तुजी. माज्यापायी तुला खाली बघाया लागू ने." आणि सुनेकडे हात केला. "म्हनून तर हिच्याकडून बुकातलं शिकतीया रोज."

"नको शिकू, आत्या. तुझंच बरोबर आहे."

"मला बरं वाटावं म्हनून म्हनतीस. छापल्यालं खोटं आसतं व्हय? आन ही चिट्टी. एवढं जाड बुक खरं का ही चिट्टी खरी?" चिठ्ठी घेतली, लसणाची सालं तिच्यात भरली, पुडी करून बाजूला ठेवली. रागानं नाही. कागद होता म्हणून.

मग म्हणाली, "ऐक आता. जमतंय मला."

टेकून बसली, डोळे मिटले. उनाच्या पारी बाई, खुरपते मी राणी. राणी नीट म्हणाली. जीभ वर लावून, जपून. भीमाच्या वंजळीत... दोन्ही हात मांडीवरच राहिले, सगळं लक्ष जिभेकडे... चवदार पानी.

डोळे उघडले. जीभ चावली. "चुकलं बाई," म्हणाली, आणि माझ्याकडे बघत परत पहिल्यापासून सुरू केलं.